शाळेतलं गणित: टक्के, व्याज, सरासरी आणि 'क्ष', उत्तर नेमकं कुठे चुकतं?

८ ÷ २(२ + २) = ?

एका ओळीचं हे गणित २०१९ मध्ये जगभर सोशल मीडियावर फिरलं. काहींच्या मते उत्तर १६ होतं, काहींच्या मते १. दोन्ही बाजूंनी आपलंच बरोबर असल्याचं ठामपणे सांगितलं गेलं. अशी कोडी अधूनमधून पुन्हा येतात, चार दिवस चालतात आणि विसरली जातात.

पण शाळेतल्या याच गणितातली चूक कर्जाच्या हप्त्यात, सेलच्या बिलात किंवा भरतीच्या पेपरात झाली, तर ती विसरता येत नाही. पोलीस भरतीपासून बँकांच्या परीक्षांपर्यंत शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरासरी आणि व्याजाची उदाहरणं हमखास असतात. दुकानात, पतसंस्थेत आणि पगाराच्या चिठ्ठीतही तीच असतात. फक्त तिथे त्यांच्यावर 'प्रश्न क्रमांक १' असं लिहिलेलं नसतं.

ही उदाहरणं सोडवताना बहुतेक लोक ठरावीक जागीच अडखळतात. त्या जागा कोणत्या, आणि तिथे नेमकं काय करायचं?

१६ की १?

मराठी शाळांमध्ये पदावली सोडवायला एक शब्द शिकवला जातो: कंचेभागुबेव. म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी. पदावलीत अनेक क्रिया असतील तर त्या कोणत्या क्रमाने करायच्या, हे लक्षात ठेवायची ही युक्ती.

वरच्या गणितात आधी कंस सोडवला की ८ ÷ २(४) उरतं. भागाकार आणि गुणाकार एकाच पातळीवरच्या क्रिया मानल्या आणि डावीकडून उजवीकडे गेलं, तर ८ ÷ २ = ४ आणि ४ × ४ = १६.

मग १ हे उत्तर आलं कुठून? कंसाला चिकटलेला २ हा कंसाचाच भाग आहे, असं मानलं तर २(४) म्हणजे ८, आणि ८ ÷ ८ = १. बीजगणितात 'क्ष ÷ २य' असं लिहिलं की अनेक जण '२य' हा एकच गट मानतात, त्याच सवयीतून हे उत्तर येतं. वेगवेगळे कॅल्क्युलेटरही या गणिताला वेगवेगळी उत्तरं देतात.

म्हणजे इथे दोष सोडवणाऱ्याचा कमी आणि लिहिणाऱ्याचा जास्त आहे. (८ ÷ २) × (२ + २) किंवा ८ ÷ [२ × (२ + २)] असं लिहिलं असतं, तर वाद झालाच नसता. एक कंस वाढवला की दोन अर्थ निघत नाहीत.

खरी चूक होते ती दुसऱ्याच ठिकाणी. हे उदाहरण पाहा:

१० − ४ + ३ = ?

कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी आणि 'व' नंतर येतो. म्हणून अनेक जण आधी ४ + ३ = ७ करतात आणि १० − ७ = ३ असं उत्तर लिहितात. ते चुकीचं आहे. बेरीज आणि वजाबाकी या बरोबरीच्या क्रिया आहेत. डावीकडून जाताना जी आधी येईल ती आधी करायची. १० − ४ = ६, आणि ६ + ३ = ९.

खिशात दहा रुपये होते, चार खर्च झाले, तीन परत मिळाले. किती उरले, असं स्वतःला विचारलं तरी उत्तर ९ येतं.

टक्के, पण कशाचे?

शेकडेवारीतल्या जवळपास सगळ्या चुका एका प्रश्नाशी येऊन थांबतात: हे टक्के कशाचे?

दुकानावर पाटी असते, '२० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के सूट'. वाचणाऱ्याच्या मनात बेरीज होते ती ४० टक्क्यांची. प्रत्यक्षात काय होतं?

- छापील किंमत: १,००० रुपये
- पहिली सूट, १,००० चे २० टक्के: २०० रुपये. उरले ८००
- दुसरी सूट, ८०० चे २० टक्के: १६० रुपये. उरले ६४०

एकूण सूट ३६० रुपयांची, म्हणजे ३६ टक्के. दुसरे २० टक्के हे १,००० चे नसून ८०० चे आहेत. 'त्यावर' या एका शब्दाची किंमत इथे ४० रुपये आहे.

हेच पगाराला लावून पाहा. २५,००० रुपये पगार २० टक्क्यांनी वाढला की ३०,००० होतो. पुढे कंपनीने २० टक्के कपात केली, तर पगार पुन्हा २५,००० होत नाही. ३०,००० चे २० टक्के म्हणजे ६,०००, आणि हातात येतात २४,०००. वाढ लहान रकमेवर झाली आणि कपात मोठ्या रकमेवर.

जीएसटीच्या बाबतीत हाच सापळा उलट्या बाजूने लागतो. समजा, एका वस्तूचं १८ टक्के जीएसटीसह बिल १,१८० रुपये झालं. त्यात कर किती? पुष्कळ जण १,१८० चे १८ टक्के काढतात आणि उत्तर देतात २१२ रुपये ४० पैसे. पण कर लागला होता मूळ किमतीवर. मूळ किंमत १०० धरली तर बिल ११८ चं होतं. म्हणून:

मूळ किंमत = १,१८० × १०० ÷ ११८ = १,००० रुपये
कर = १८० रुपये

दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटीची अशी उदाहरणं आहेत.

बातम्यांमध्ये आणखी एक गोंधळ नेहमी दिसतो. कर्जाचा व्याजदर ८ टक्क्यांवरून ९ टक्के झाला, तर वाढ किती? दरांमधला फरक एका टक्केबिंदूचा आहे. पण ८ च्या तुलनेत १ म्हणजे साडेबारा टक्के वाढ. दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, त्यांचा अर्थ मात्र वेगळा आहे.

आणि एक सोपी गोष्ट: १८ चे ५० टक्के आणि ५० चे १८ टक्के सारखेच असतात. त्यामुळे '५० चे १८ टक्के' अवघड वाटले तर उलटं करा. १८ चे निम्मे, म्हणजे ९.

नफा आणि तोटा सारखा, तरी नुकसान कसं?

स्पर्धा परीक्षांमधलं हे एक जुनं उदाहरण. एका दुकानदाराने दोन घड्याळं प्रत्येकी ९९० रुपयांना विकली. एकावर १० टक्के नफा झाला, दुसऱ्यावर १० टक्के तोटा. एकूण काय झालं?

'ना नफा ना तोटा' हे पहिलं उत्तर मनात येतं. पण नफा-तोट्याचे टक्के खरेदीच्या किमतीवर काढतात, विक्रीच्या नाही.

- पहिलं घड्याळ: १० टक्के नफ्याने ९९०, म्हणजे खरेदी ९९० × १०० ÷ ११० = ९०० रुपये
- दुसरं घड्याळ: १० टक्के तोट्याने ९९०, म्हणजे खरेदी ९९० × १०० ÷ ९० = १,१०० रुपये

एकूण खरेदी २,००० रुपये आणि विक्री १,९८० रुपये. तोटा २० रुपयांचा, म्हणजे १ टक्का. नफा झाला तो स्वस्तातल्या घड्याळावर, तोटा झाला तो महागातल्या घड्याळावर. टक्के सारखे दिसले तरी रुपये सारखे नव्हते.

'तीन टक्के व्याज' महिन्याचं की वर्षाचं?

व्याजाच्या उदाहरणांमध्ये 'द.सा.द.शे.' ही अक्षरं सगळ्यांनी लिहिलेली असतात. त्यांचा अर्थ 'दर साल, दर शेकडा'. म्हणजे दरवर्षी, प्रत्येक शंभर रुपयांमागे. या चार अक्षरांमध्ये दोन गोष्टी स्पष्ट होतात: किती रुपयांवर, आणि किती काळासाठी.

गावात किंवा वस्तीत हातउसने घेतलेल्या पैशांच्या व्यवहारात नेमका 'दर साल' गळून पडतो. 'तीन टक्क्यांनी पैसे घेतले' असं कुणी म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा ते तीन टक्के महिन्याचे असतात.

५०,००० रुपयांवर महिना ३ टक्के म्हणजे दरमहा १,५०० रुपये. वर्षाचे १८,०००. शाळेच्या भाषेत हा दर द.सा.द.शे. ३६ झाला. आणि व्याज न देता ते दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेलं, तर तो चक्रवाढ व्याजाचा हिशोब होतो. मग वर्षाच्या शेवटी रास ६८,००० रुपयांऐवजी सुमारे ७१,२८८ रुपये होते.

सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला फरक लहान मुदतीत फारसा जाणवत नाही. १०,००० रुपयांवर द.सा.द.शे. १० दराने तीन वर्षांचं सरळव्याज ३,००० रुपये होतं. चक्रवाढीने पहिल्या वर्षाअखेर ११,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १२,१०० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १३,३१०. फरक ३१० रुपयांचा. पण दर मोठा असेल किंवा मुदत लांब असेल, तर हा फरक झपाट्याने वाढतो.

हप्त्याच्या कर्जात 'फ्लॅट' दर म्हणजे काय?

समजा, १,२०,००० रुपयांचं कर्ज एका वर्षासाठी '१२ टक्के फ्लॅट' दराने मिळतंय. हिशोब सोपा दिसतो. व्याज १४,४०० रुपये, एकूण परतफेड १,३४,४००, आणि महिन्याचा हप्ता ११,२०० रुपये.

पण इथे व्याज पूर्ण १,२०,००० रुपयांवर वर्षभर लावलं आहे. प्रत्यक्षात कर्जदार दर महिन्याला मुद्दल फेडतोय. शेवटच्या महिन्यात तर त्याच्याकडे साधारण १०,००० रुपयेच बाकी असतात.

मग उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावलं तर? सोपेपणासाठी दरमहा १०,००० रुपये मुद्दल फेडलं जातंय असं धरू. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का.

- पहिला महिना: १,२०,००० वर व्याज १,२०० रुपये
- दुसरा महिना: १,१०,००० वर १,१०० रुपये
- तिसरा महिना: १,००,००० वर १,००० रुपये
- असं करत बारावा महिना: १०,००० वर १०० रुपये

एकूण व्याज = १०० × (१ + २ + ३ + ... + १२). कंसातली बेरीज म्हणजे दहावीतली अंकगणिती श्रेढी. तिची बेरीज १२ × १३ ÷ २ = ७८. म्हणून एकूण व्याज ७,८०० रुपये. दर महिन्याला समान हप्ता ठेवला, तर ते थोडं वाढून सुमारे ७,९४२ रुपये होतं.

दर दोन्हीकडे '१२ टक्के'च लिहिलेला आहे. एकीकडे व्याज १४,४००, दुसरीकडे जेमतेम ८,०००. फ्लॅट पद्धतीचे हे १२ टक्के उरलेल्या मुद्दलाच्या हिशोबाने साधारण २१ ते २२ टक्के पडतात.

म्हणूनच कर्ज घेताना 'दर किती?' याच्या आधी 'दर कशावर?' हे विचारायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदारांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात शुल्कासह कर्जाचा एकूण वार्षिक दर टक्क्यांत दिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करायची तर ती या आकड्याने करावी.

माणसं वाढली की दिवस वाढतात का?

'पाच पेनांना ६० रुपये, तर आठ पेनांना किती?' या प्रकारच्या उदाहरणांना शाळेत एकमान पद्धत म्हणतात. आधी एकाची किंमत काढायची, १२ रुपये. मग आठांची, ९६ रुपये. जुन्या गणितात याच रीतीला त्रैराशिक म्हणायचे. तीन राशी माहीत असतात आणि त्यांवरून चौथी काढायची. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त त्रैराशिकाची उदाहरणं आहेत.

पण प्रत्येक ठिकाणी गुणाकार करून चालत नाही. हे पाहा: ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर ४ मजूर किती दिवसांत करतील?

पेनांची रीत इथे लावली तर उत्तर ६.६७ दिवस येतं. म्हणजे माणसं कमी झाली आणि काम लवकर संपलं! असं होणार नाही, हे कुणीही सांगेल. इथे व्यस्त प्रमाण आहे. एकूण काम ६ × १० = ६० 'मजूर-दिवसां'चं. ते ४ मजुरांत वाटलं की १५ दिवस.

गणित मांडण्याआधी एक प्रश्न विचारला की ही चूक टळते: एक गोष्ट वाढली तर दुसरी वाढेल की कमी होईल?

याच जातीचं दुसरं उदाहरण नळाचं. एका नळाने टाकी ६ तासांत भरते, दुसऱ्याने १२ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर? सरासरी काढून ९ तास हे उत्तर देणारे अनेक असतात. पण पहिला नळ एकटाच ६ तासांत टाकी भरतो. त्याला मदत मिळाल्यावर जास्त वेळ कसा लागेल?

तास बाजूला ठेवून एका तासाचं काम पाहिलं की वाट सापडते. पहिला नळ एका तासात टाकीचा १/६ भाग भरतो, दुसरा १/१२. दोघं मिळून २/१२ + १/१२ = ३/१२, म्हणजे १/४. पूर्ण टाकी भरायला ४ तास.

सरासरी काढताना मध्यभागी का थांबायचं नाही?

एक गाडी १२० किलोमीटर अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली आणि तेच अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाने परत आली. सरासरी वेग किती?

४० आणि ६० च्या मधला ५०, हे झटपट उत्तर. पण सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ.

- जाताना लागलेला वेळ: १२० ÷ ४० = ३ तास
- येताना लागलेला वेळ: १२० ÷ ६० = २ तास
- एकूण: २४० किलोमीटर, ५ तास

सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर. गाडी कमी वेगाने जास्त वेळ चालली, म्हणून सरासरी ४० च्या बाजूला झुकली.

वर्गाच्या सरासरी गुणांमध्येही हेच होतं. ३० मुलांच्या एका तुकडीची सरासरी ६० गुण आणि १० मुलांच्या दुसऱ्या तुकडीची ८० गुण असेल, तर दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी ७० नसते. एकूण गुण १,८०० + ८०० = २,६००, एकूण मुलं ४०, सरासरी ६५. गर्दी जिकडे जास्त, सरासरी तिकडे.

'क्ष' नेमका कोण?

बीजगणिताची भीती बहुतेकांना 'क्ष'पासून सुरू होते. पण 'क्ष' म्हणजे फक्त 'जे काढायचं आहे ते'. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा एक भाग 'बीजगणित' नावाचाच आहे. त्या परंपरेत अज्ञात राशीला 'यावत्-तावत्' म्हणजे 'जेवढी असेल तेवढी' असं नाव होतं, आणि पुढच्या अज्ञात राशींना काळा, निळा अशा रंगांची नावं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

'क्ष'ची गरज का पडते, हे एका कोड्यातून चांगलं कळतं. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये होतात. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर चेंडू केवढ्याला?

मनात लगेच येतं, १० रुपये. मग बॅट ११० ची, आणि एकूण १२० होतात. अमेरिकी संशोधक शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एका चाचणीत डॉलरमधलं हेच कोडं होतं. झटकन सुचलेलं उत्तर माणूस तपासतो का, हे त्यातून पाहिलं जातं.

समीकरण मांडलं की घाई आपोआप थांबते:

चेंडू = क्ष, बॅट = क्ष + १००
क्ष + क्ष + १०० = ११०
२क्ष = १०
क्ष = ५

चेंडू ५ रुपयांचा, बॅट १०५ रुपयांची.

समीकरण म्हणजे समतोल तराजू. एका पारड्यातून १०० काढले, तर दुसऱ्यातूनही १०० काढायचे. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा शाळेतला नियम याचीच संक्षिप्त आवृत्ती आहे. आकडा उडी मारून पलीकडे जात नाही, दोन्हीकडे एकच क्रिया होते. हे लक्षात ठेवलं तर चिन्हांची चूक कमी होते.

वयाची उदाहरणं कशी मांडायची?

'आज आईचं वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. ६ वर्षांनी ते तिप्पट होईल. तर आजची वयं किती?'

मुलाचं आजचं वय क्ष, आईचं ४क्ष. सहा वर्षांनी मुलगा क्ष + ६ आणि आई ४क्ष + ६. इथे दोन चुका वारंवार होतात. एक, फक्त एकाचंच वय वाढवलं जातं. दोन, 'तिप्पट' लिहिताना कंस विसरला जातो आणि ३(क्ष + ६) ऐवजी ३क्ष + ६ होतं.

४क्ष + ६ = ३(क्ष + ६)
४क्ष + ६ = ३क्ष + १८
क्ष = १२

मुलगा १२ वर्षांचा, आई ४८. सहा वर्षांनी १८ आणि ५४. चोपन्न हे अठराच्या तिप्पट आहेत, म्हणजे उत्तर बरोबर.

दोन गोष्टी माहीत नसतील तर दोन समीकरणं लागतात. टपरीवर २ वडापाव आणि ३ चहांचे ७५ रुपये झाले, तर ३ वडापाव आणि २ चहांचे ८० रुपये. वडापाव केवढ्याला?

- दोन्ही बिलांची बेरीज: ५ वडापाव आणि ५ चहा = १५५, म्हणजे एक वडापाव आणि एक चहा = ३१
- दुसऱ्या बिलातून पहिलं वजा: एक वडापाव वजा एक चहा = ५

या दोन ओळी मिळवल्या की दोन वडापाव ३६ रुपये. एक वडापाव १८ चा, चहा १३ चा.

वजा गुणिले वजा अधिक का?

ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. 'धन' म्हणजे संपत्ती, 'ऋण' म्हणजे कर्ज. मराठीत आजही हेच शब्द आहेत, आणि उत्तरही त्यांच्यातच आहे.

महिन्याला ५०० रुपयांचा हप्ता म्हणजे −५००. समजा, असे तीन हप्ते माफ झाले, म्हणजे तीन हप्ते काढून टाकले: −३. मग (−३) × (−५००) = +१,५००. कर्ज काढून घेतलं की तेवढी संपत्ती वाढते.

कंसापुढे वजा असेल तेव्हाही हेच लागू पडतं. १० − (क्ष − ३) म्हणजे १० − क्ष + ३. शेवटचा ३ अधिक होतो. अनेकांचे गुण इथेच जातात.

आणि (क + ख)² म्हणजे क² + ख² नव्हे. क = ३ आणि ख = ४ घेऊन पाहा. डावीकडे ७² = ४९, उजवीकडे ९ + १६ = २५. मधले २४ म्हणजे २ × ३ × ४, विस्तारातलं विसरलेलं '२कख'. सूत्र आठवत नसेल तर छोटे आकडे घालून तपासता येतं. त्यासाठी पाठांतर लागत नाही.

उत्तर बरोबर आहे, हे कसं ओळखायचं?

उदाहरण कोणतंही असो, या पाच गोष्टी पाहिल्या तर बहुतेक चुका वहीतच सापडतात:

- काय विचारलंय? व्याज विचारलंय की रास? आजचं वय की सहा वर्षांनंतरचं? प्रश्नाचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा.
- टक्के कशाचे? खरेदीचे, छापील किमतीचे, की आधीच कमी झालेल्या रकमेचे?
- एकक कोणतं? दर वर्षाचा आणि मुदत महिन्यांची असेल, तर आधी दोन्ही सारखं करा. ८ महिने म्हणजे ८/१२ वर्ष.
- अंदाज जुळतो का? दोन नळांना एका नळापेक्षा जास्त वेळ लागला, सूट मिळूनही किंमत वाढली किंवा मुलगा आईपेक्षा मोठा निघाला, तर मांडणी पुन्हा पाहा.
- उत्तर परत घालून पाहिलं का? मिळालेली किंमत मूळ प्रश्नात घाला. दोन्ही बाजू जुळल्या तर विषय संपला.

शेवटच्या पायरीला अर्धं मिनिटही लागत नाही. परीक्षेत त्याने दोन गुण वाचतात. १,२०,००० रुपयांच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तेच अर्धं मिनिट साडेसहा हजार रुपयांचं असू शकतं.